उंबरठा वाचवणाऱ्यांचे आभार

इंग्लंडातल्या अॅबिंग्डनला १९७२ साली बनलेली आमची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्‌स गाडी, काल पुन्हा चार चाकांवर उभी राहिली. नावं छापायची नाहीत अशी तंबी मिळालीय, म्हणून नुसतेच आभार.

पंक्चर काढायला दाराखालच्या मूळ खाचेत जॅक लावला. जॅक वर गेला, गाडी जागेवरच! आत गंजाचा नुसता भुगा. इंग्लंडातला पाऊस आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ, दुसरं काय होणार?

शेजारच्या आजोबांनी स्क्रूड्रायव्हरने सिल, म्हणजे दाराखालचा लांब पोकळ उंबरठा, ठोकत नेला. टण्, टण्, मग थप्प. तिथे पत्रा नव्हताच, कुणीतरी पुटी भरून वर रंग मारला होता. या गाडीला खाली वेगळी चेसिस, म्हणजे भार पेलणारा सांगाडा, नाही, त्यात वर छप्परही नाही; भार मुख्यतः या सिलवरच. म्हणून वेल्डिंगवाल्या ताईंनी कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाकून घेतला. नाहीतर गाडी मधून वाकली असती आणि दारं कायमची अडकली असती. सिलचा बाहेरचा पत्रा, आतला मधला पडदा, खालची पट्टी (कॅसल रेल), सगळं नवं. दुसऱ्या शनिवारचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, आल्याचा चहा मात्र तीनदा घेतला.

आणि ज्यांनी "ती खाच आता विसरा" म्हटलं, त्यांचे विशेष आभार. आता गाडी उचलायची तर पुढे क्रॉसमेंबरखाली (पुढच्या चाकांमधला आडवा तुळवा) चाकांचा ट्रॉली जॅक, मध्ये लाकडी ठोकळा; मागे डिफरन्शियलखाली (मागच्या आसाच्या मधला गिअरांचा गोळा), आणि गाडी टेकवायचे स्टँड मागच्या स्प्रिंगच्या पुढच्या टोकाशी. मूळ जॅक डिकीत आहे, शोभेला.