डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘फ्रॅक्चर फीमर’ नको

मा. संपादक,

मी एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात आहे. घरी सोडलेल्या रुग्णांचे केसपेपर वाचून त्यांना आयसीडी-१०, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे, कोड लावणे हे माझे काम. अस्थिरोगतज्ज्ञांना, त्याहूनही कार्ड भरणाऱ्या निवासी डॉक्टरांना, माझी कळकळीची विनंती आहे.

कितीतरी कार्डांवर ‘फ्रॅक्चर फीमर, उजवा’ (फीमर म्हणजे मांडीचे हाड) एवढेच असते. त्यावरून एस ७२.९, म्हणजे हाडाचा भाग नमूद नाही, हाच कोड लावता येतो. वास्तविक मांडीच्या हाडाची मान मोडली तर ७२.०, ट्रोकँटरपाशी, म्हणजे मानेखालच्या उंचवट्यापाशी, ७२.१, त्याच्या लगेच खाली ७२.२, मधल्या दांड्यात ७२.३, गुडघ्याजवळ ७२.४. उपचारही भागाप्रमाणे बदलतात. मान सरकली असेल तर वयस्कर रुग्णाचा बहुधा सांधा बदलतात, ट्रोकँटरला पीएफएन (हाडाच्या आतला खिळा) किंवा डीएचएस (स्क्रू आणि पट्टी) बसवतात. कार्ड एक सांगते आणि ऑपरेशन नोट दुसरेच, अशी फाइल विम्याकडे गेली की क्वेरी येते आणि नातेवाईक काउंटरवर ताटकळतात. कधी ‘हिप फ्रॅक्चर’ लिहिलेले असते आणि सीटी स्कॅनमध्ये खुब्याची खोबण, म्हणजे ॲसिटाब्युलम, तडकलेली निघते. ते मांडीचे हाडच नव्हे, त्याचा कोड एस ३२.४.

पण मला खरी खंत वाटते ती आजीबाईंच्या फाइलींची. परवाच एक आली. उंबऱ्याला पाय अडकून पडल्या आणि खुबा मोडला. फाइलीत मागे हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा जुना रिपोर्ट टाचलेला, टी-स्कोअर उणे ३.१, म्हणजे हाडे ठिसूळ. कार्डावर ऑस्टिओपोरोसिसचा, म्हणजे हाडांच्या ठिसूळपणाचा, शब्द नाही! डॉक्टरांनी तसे निदान लिहिले तर एम ८०, म्हणजे ठिसूळ हाडाच्या फ्रॅक्चरच्या कोडचा, विचार होतो, नाहीतर नोंद साध्या अपघाताची होते. रिपोर्ट मी वाचू शकते, निदान करू शकत नाही. तेच कार्ड घेऊन आजी गावच्या डॉक्टरांकडे जातात, हाडांच्या ठिसूळपणाचे औषध कोणी सुरू करत नाही आणि दुसऱ्या खुब्याचा धोका तसाच राहतो.

हाडाचा नेमका भाग, जखम उघडी की बंद, रुग्ण कसा पडला आणि हाड आधीच ठिसूळ होते का, एवढे ऑपरेशनच्या दिवशीच केसपेपरवर लिहावे. सुट्टीच्या दिवशी घाईत ते राहून जाते आणि नंतर विचारायला जावे तर डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये असतात.

— एक मेडिकल रेकॉर्ड टेक्निशियन, सांगली