त्या तीन मिनिटांबद्दल आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या आण्णांची स्वायत्त चेतासंस्थेची (रक्तदाब, घाम, पचन अशी आपोआप चालणारी कामे सांभाळणाऱ्या नसांची) तपासणी केलीत, त्याला चार महिने झाले. त्या दिवशी आम्ही गडबडीत निघून आलो आणि आभार मानायचे राहूनच गेले. पत्र जाहीरपणे लिहितो आहे, कारण ज्यांच्या घरी पार्किन्सनचा रुग्ण आहे अशा इतरांनाही आपण काय केलेत ते कळायला हवे.

आण्णांनी चाळीस वर्षे गुजरीत सोन्याचे काम केले. आजाराचे निदान झाल्यावर हाताचा कंप आणि मंदावलेली चाल यांकडे आमचे लक्ष होते. सकाळी अंथरुणातून उठून न्हाणीकडे जाताना ते दोनदा कोसळले, तेव्हाही तोल गेला असेल असेच आम्ही धरून चाललो. एका ठिकाणी दर वेळी त्यांना खुर्चीत बसवूनच रक्तदाब मोजला, तो थोडा जास्त आला म्हणून गोळी वाढवली, आणि पडणे काही थांबेना.

आपण त्यांना चहा न पिता सकाळी बोलावलेत (त्यावरची कुरकुरही ऐकून घेतलीत), आधी शांत आडवे झोपवलेत आणि दाब मोजलात: 148/84, नाडी 68. मग उभे करून पहिल्या मिनिटाला 132/78. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर दोष मानतात, तेव्हा तेवढ्यावर 'ठीक आहे' म्हणून कागद मिटता आला असता. पण आपण आण्णांच्या मागे खुर्ची सरकवलीत, त्यांच्या कोपराला हात दिलात आणि घड्याळाकडे पाहत थांबलात. तिसऱ्या मिनिटाला 104/66, नाडी 74. "डोळ्यांपुढं अंधारी आली," एवढेच आण्णा म्हणाले आणि खुर्चीत बसले.

नंतर आपण मला समजावलेत ते अजून डोक्यात पक्के आहे. माणूस उभा राहिला की अर्धा ते एक लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरते. रक्तवाहिन्या आवळून आणि नाडी वाढवून शरीर ते सावरते. पार्किन्सनमध्ये मेंदूत साचणारे अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन हृदय व रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या चेतातंतूंतही साचते, मग आवळण्याचा आणि नाडी वाढवण्याचा निरोप तिथे नीट पोहोचत नाही. दाब 44 ने घसरूनही नाडी जेमतेम 6 ने वाढली, यावरूनच दोष नुसत्या पाण्याच्या कमतरतेचा नसून चेतातंतूंचा असावा, हे आपण दाखवून दिलेत.

नळीत फुंकण्याची चाचणी मात्र आण्णांनी मन लावून केली. काटा 40 वर ठेवून 15 सेकंद फुंकायचे होते, पहिल्या खेपेस ओठांतून हवा निसटली, तेव्हा आपण म्हणालात, "आण्णा, फुंकणी धरल्यागत धरा." त्यांनी गाल फुगवले, काटा चढला आणि तिथेच राहिला. आजाराने चेहरा गोठलेला असला तरी डोळे हसत होते. मिनिटाला सहा श्वास घेण्याच्या चाचणीतही हात वर-खाली करून आपणच त्यांना लय दिलीत.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायलाच हवेत. लाळ, गिळणे, बद्धकोष्ठता, लघवी, घाम अशा 25 प्रश्नांच्या प्रश्नावलीला बसण्यापूर्वी आपण मला बाहेर जायला सांगितलेत. मला तेव्हा राग आला होता. मुलासमोर आण्णांनी त्यातले निम्मेही सांगितले नसते, हे नंतर लक्षात आले. बद्धकोष्ठतेचा उल्लेख तर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 च्या आपल्या निबंधातच केला होता. आम्ही मात्र ती वयाची तक्रार समजत होतो.

आपला अहवाल पाहून मेंदूविकारतज्ज्ञांनी गोळ्यांची मात्रा आणि वेळा बदलल्या. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली आम्ही विटा ठेवल्या आहेत, उठण्याआधी अर्धा लिटर पाणी असते, आणि रविवारचे तांबडा-पांढऱ्याचे जेवण आता दोन वेळांत वाटून होते, कारण भरपेट जेवणानंतर त्यांना येणारी ती झोप नसून उतरलेला दाब होता.

रोज सकाळी आडवे असताना आणि उभे राहून तिसऱ्या मिनिटाला आम्ही घरीच दाब मोजतो. त्या आकड्यांची वही पुढच्या तपासणीला घेऊन येतो. आण्णांनी विचारायला सांगितले आहे की, त्या दिवशीही चहा बंदच का?

आपला नम्र,
आण्णांचा मुलगा
मंगळवार पेठ, कोल्हापूर