शेळ्या धरूनही पाचशे भरत नाहीत

महोदय,

वेल्हे भागातली आमची वाडी गणपतीत भरून जाते, एरवी निम्म्या दारांना कुलपं. पोटापाण्यासाठी आम्ही धनकवडी-कात्रजला. ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्यात सर्वसाधारण भागात रस्त्यासाठी ५०० लोकवस्ती लागते, तीही २०११च्या जनगणनेची. वाडीतल्या शेळ्या धरूनही तेवढा आकडा भरायचा नाही!

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास २०२२पासून मोफत आहे, चांगलंच आहे. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. पण गाडी फाट्यावर. तिथवर तीन किलोमीटर पायवाट, मध्ये ओढा. गेल्या आषाढात ती तापाने फणफणली, तेव्हा घोंगडीची झोळी करून चौघांनी तिला फाट्यावर आणलं. चौघं मिळाले, कारण तो रविवार होता.

डांबरी रस्ता राहू द्या, पावसाळ्याआधी ओढ्यावर मोरी तरी टाका.

– एक वाचक, धनकवडी, पुणे