काकूंच्या पंचाहत्तरीसाठी लिंत्सची बिस्किटं

लिंत्स (ऑस्ट्रिया), ५ डिसेंबर

प्रिय सुमे,

तुझा फोन झाल्यापासून डोक्यात काकूंची पंचाहत्तरीच घोळतेय. जेवण केटररकडे दिलंय, हॉल ठरलाय, पण निघताना पाहुण्यांच्या हातात ठेवायला काहीतरी घरचं हवं, असं तू म्हणालीस तेव्हाच मला उत्तर सुचलं होतं. फोनवर सांगून भागणारं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहायला बसले. जॅम भरलेली बटर बिस्किटं कर. इथे त्यांना लिंत्सर आउगेन म्हणतात. दोन पातळ चकत्या, वरच्या चकतीला तीन छोटी भोकं, मध्ये आंबट जॅम आणि वर पिठीसाखर.

हीच का, ते आधी सांगते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तुझ्या घरात पाय ठेवायला जागा नसेल, आणि ही बिस्किटं त्या दिवशी करायचीच नसतात. चार-पाच दिवस आधी करून डब्यात ठेवायची. ताजी असतात तेव्हा कडक लागतात, जॅम वेगळा आणि बिस्किट वेगळं. दोन-तीन दिवसांत जॅममधला ओलावा चकतीत उतरतो आणि मग तोंडात टाकलं की विरघळतं. इथल्या बायका नोव्हेंबरच्या शेवटीच भाजायला लागतात आणि नाताळापर्यंत पत्र्याचे डबे भरत राहतात, ते उगाच नाही.

मी इथे आले तेव्हा नाताळाआधीच्या चार रविवारांचा हा सोहळा मला अनोळखी होता. खालच्या मजल्यावरच्या आजी एका संध्याकाळी ताटलीभर बिस्किटं घेऊन दारात उभ्या राहिल्या. आपण दिवाळीत फराळाचं ताट शेजारी देतो ना, अगदी तसं. सात-आठ प्रकार होते, पण माझा हात पुन्हा पुन्हा या जॅमवाल्यांकडेच जात होता. पुढच्या वर्षी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि शेजारी उभं करून शिकवलं.

या गावाला त्याचा अभिमानही मोठा. लिंत्सर टॉर्ट नावाचा इथला जाळीदार केक फार जुना आहे. त्याची पाककृती १६५३ सालच्या हस्तलिखितात सापडली, आणि ते हस्तलिखित आडमोंटच्या मठाच्या ग्रंथालयात होतं. १८२२ मध्ये योहान कोन्राड फोगेल नावाचा बेकरीवाला बव्हेरियातून इथे आला आणि त्यानं तो मोठ्या प्रमाणावर करून विकायला सुरुवात केली. केकमध्ये दळलेले बदाम किंवा हेझलनट, दालचिनी, लवंग असं बरंच काही असतं. बिस्किटांचं पीठ साधं असतं, पण आत जॅम तोच, रेडकरंट नावाच्या छोट्या लाल आंबट फळांचा.

आता कृती. प्रमाण एक-दोन-तीन, साखर-बटर-मैदा. म्हणजे १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम बटर, ३०० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ, एका लिंबाची किसलेली साल आणि थोडा व्हॅनिला. इथे एक पिवळा बलकही घालतात, पण काकू अंडं खात नाहीत, तेव्हा त्याऐवजी दोन चमचे गार दूध घाल. काही बिघडत नाही. एवढ्यात चाळीसेक जोड्या होतात. तुला शंभर लागतील, तर अडीचपट घे, पण पीठ दोन-तीन वेळा वेगवेगळं मळ. मोठा गोळा हाताळेपर्यंत बटर मऊ पडतं.

बटर बिनमिठाचंच आण. सँडविचला लावतो ते खारट असतं, त्यानं चव पार बदलते. घरचं लोणी वापरायचं असेल तर गार पाण्यात धुऊन नीट पिळून घे, कारण त्यात पाणी बरंच राहतं. वनस्पती तूप मात्र घालू नकोस, कितीही स्वस्त पडलं तरी. या बिस्किटात बटरशिवाय दुसरं आहेच काय?

बटर फ्रीजमधून काढून बारीक तुकडे कर आणि मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळ. आजी तळवा लावूच देत नाहीत, तळव्याची ऊब बटर वितळवते. रव्यासारखं झालं की साखर, दूध घालून पटकन गोळा कर आणि थांब. पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही. बटर मैद्याच्या कणांवर बसतं, त्यामुळे पिठाला चिवटपणा येत नाही, आणि मळत बसलीस तर तोच येतो. गोळा चपटा करून झाकून तासभर फ्रीजमध्ये ठेव. आम्ही डिसेंबरात सरळ बाल्कनीत ठेवतो. नाशकात जानेवारीत थंडी असते, पण तुझ्या ओट्याशेजारी ओटीजी, म्हणजे तुझा छोटा विजेचा ओव्हन, पेटलेला असणार, म्हणून एका वेळी अर्धाच गोळा बाहेर काढ.

दोन बटर पेपरांमध्ये ३ मिलिमीटर जाड लाट. साचा दर वेळी मैद्यात बुडवून घे. चकत्या ट्रेवर लावल्या की ट्रेसकट दहा मिनिटं पुन्हा गार कर, म्हणजे भाजताना पसरत नाहीत. अजून एक, आणि हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही: भोकांच्या चकत्या एका ट्रेवर आणि अख्ख्या चकत्या दुसऱ्या ट्रेवर ठेव. भोकांच्या लवकर भाजतात. ओटीजी १७० अंशांवर आधी तापवून घे. अख्ख्यांना दहा-बारा मिनिटं लागतात, भोकांच्यांवर आठव्या मिनिटापासून नजर ठेव. कडा जेमतेम सोनेरी झाल्या की काढायच्या, मधला भाग फिकाच दिसला पाहिजे. गरम असताना मऊ लागतात, पण हात लावू नकोस. गार झाल्या की आपोआप घट्ट होतात.

जॅमवर मी खूप विचार केला. बाजारातला मिक्स फ्रूट जॅम इथे चालणार नाही, तो नुसता गोड. बिस्किट गोड आणि बटरचं, तेव्हा मधलं आंबटच हवं. रेडकरंट तुला तिथे कुठे शोधत बसणार? पण काकू दर मे महिन्यात त्र्यंबकच्या वाटेवरची करवंदं आणून जॅम करतात, त्याची बरणी उरली असेल ना? करवंदाचा आंबटपणा आणि तो गडद रंग, दोन्ही इथे शोभतील. मला तर वाटतं रेडकरंटपेक्षाही शोभतील. आणि त्यांच्या पंचाहत्तरीला त्यांच्याच हातचा जॅम, सुमे, याहून काय हवं? नसेल तर महाबळेश्वरची रास्पबेरी किंवा तुती बघ, लिंबू पिळून.

जॅम मंद आचेवर गरम करून गाळून घे आणि थोडा आटव. गार बशीवर थेंब टाकून बशी तिरकी केलीस की ओघळता कामा नये. अख्ख्या चकतीच्या उलट्या बाजूला अर्धा चमचा लाव, कडा मोकळी सोड. भोकांच्या चकत्यांवर पिठीसाखर आधीच चाळून घ्यायची आणि मग त्या वर ठेवून हलकेच दाबायच्या. जॅम भोकांतून किंचित वर येतो, काळाभोर आणि चकचकीत, आणि भोवती पांढरी साखर. पहिली जोडी झाली की फोटो पाठव. रात्रभर उघडी ठेवून मग घट्ट झाकणाच्या डब्यात भर, दोन थरांमध्ये बटर पेपर. पंधरा दिवस सहज टिकतात.

इथे आज संध्याकाळी क्राम्पुसचे, म्हणजे इथल्या लोककथेतल्या शिंगवाल्या राक्षसाचे, मुखवटे घालून पोरं रस्त्यावर फिरतायत, घंटांच्या आवाजात लिहितेय. हे पत्र श्टायरजवळच्या क्रिस्टकिंडलच्या टपाल कचेरीतून टाकीन म्हणते, नाताळापुरती उघडणारी ही कचेरी १९५० पासून आहे. तिकिटावरचा शिक्का बघ, छान असतो.

तीन भोकांचा साचा मी इथूनच पाठवते. धाकटे दीर महिनाअखेर पुण्याला येतायत, त्यांच्याकडून घ्यायची व्यवस्था कर. तुझ्या ओटीजीच्या ट्रेची लांबी-रुंदी कळव, म्हणजे साचा कोणत्या मापाचा घ्यायचा ते ठरवते. काकूंना माझा नमस्कार सांग, पण बिस्किटांबद्दल त्यांच्यासमोर अवाक्षर काढू नकोस. बरणी मात्र आजच बघून ठेव.

तुझीच,
विदू