टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) अर्ज भरण्याआधी: अभ्यासिकेतल्या सर्वांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता अभ्यासिकेत टीईटीचे अर्ज एकत्र भरायला बसू. कुठला पेपर द्यायचा, हे घरून ठरवूनच या.

• बारावीनंतरचं २ वर्षांचं डी.एल.एड. (जुनं डी.एड.) झालेल्यांनी पेपर १ भरावा, म्हणजे पहिली ते पाचवी.

• बी.एड. झालेल्यांनी पेपर २, सहावी ते आठवी. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर प्राथमिकच्या नेमणुकीला बी.एड. चालत नाही. पेपर १ वर वर्ष घालवू नका, कळकळीची विनंती आहे.

• डी.एल.एड. असून पदवीही असेल, तर दोन्ही पेपर द्या.

पेपर १५० गुणांचा. खुल्या गटाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण हवेत. राखीव गटांना ५५ टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. प्रमाणपत्र आता आजन्म चालतं.

टीईटी म्हणजे पात्रता, नोकरी नव्हे. पवित्र पोर्टलवरच्या, म्हणजे शासनाच्या संकेतस्थळावरून होणाऱ्या शिक्षक भरतीसाठी २०० गुणांची टेट (TAIT, शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) वेगळी द्यावी लागते. दोन्हींचा गोंधळ दरवेळी होतो.

सोबत दहावीपासूनच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, आधार आणि फोटो आणा. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंनी राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र नक्की आणावं.

ज्यांना जमणार नाही, त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं.