पाटे काढून कॉइल बसवण्याआधी

प्रति,
संपादक महोदय, स.न.वि.वि.

जुनी ॲम्बेसेडर शोधून ती पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस आता यवतमाळ, वर्धा, अमरावतीच्या तालुक्यांपर्यंत पोहोचली आहे. आम्हा कारागिरांना त्याचा आनंदच आहे. पण त्या हौशीसोबत एक घातक पद्धतही आली. मागचे कमानपाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या बाकदार पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, उतरवायचे, भंगारात निघालेल्या दुसऱ्या गाडीच्या कॉइल स्प्रिंगा आणायच्या, हाऊसिंगला (मागच्या ॲक्सलच्या लोखंडी कवचाला) आणि बॉडीला वाट्या वेल्ड करून त्यात त्या बसवायच्या आणि ‘आता गाडी मऊ चालते’ म्हणून मालकाच्या हाती चावी द्यायची. हे जिवावर बेतू शकते. मालकाला त्यातले तांत्रिक कारण कळले, तरच तो गॅरेजमध्ये योग्य प्रश्न विचारील, म्हणून हे पत्र.

पाटा फक्त वजन पेलत नाही. पुढे पिन, मागे शॅकल (पाट्याचे टोक पुढे-मागे होऊ देणारी झुलती कडी) आणि मधे यू बोल्टने आवळलेले हाऊसिंग, एवढ्यावरच या गाडीचा मागचा ॲक्सल जागेवर राहतो. चाकांचा पुढे ढकलणारा जोर पाट्यातूनच बॉडीला मिळतो. गाडी उचल घेताना हाऊसिंग उलटे फिरू पाहते, ब्रेक मारल्यावर सुलटे. दोन्ही वेळा त्याला पाटाच धरतो. वळणावर ॲक्सल बाजूला सरकू न देणे हेही त्याचेच काम. कॉइल यातले फक्त वजनाचे काम करते. बाकी सगळ्यासाठी दांड्या लागतात: खाली दोन, वर दोन आणि आडवी एक पॅनहार्ड रॉड, म्हणजे ॲक्सलला बॉडीशी बांधून बाजूला सरकू न देणारी दांडी. दांड्या नसलेली किंवा दोनच दांड्यांवर भागवलेली गाडी आमच्या मते रस्त्यावर आणूच नये.

दुसरा प्रश्न बॉडीचा. ॲम्बेसेडरला जीपसारखी वेगळी चेसिस (खालचा पोलादी सांगाडा) नाही, पत्र्याची बॉडीच भार वाहते. मूळ रचनेत पाट्याची दोन टोके जिथे बॉडीला मिळतात तिथेच पत्रा मजबूत केलेला आहे. कॉइल बसवली की तो सगळा भार ॲक्सलच्या वर एका जागी येतो. तिथे नुसती वाटी वेल्ड केली तर पांदण रस्त्याच्या खड्ड्यांनी वेल्डच्या कडेने पत्रा फाटतो, वेल्ड मात्र शाबूत दिसते. त्याच कंपनीच्या कॉन्टेसा गाडीला मागे कॉइल होत्या, पण तिची बॉडी मुळातच त्या हिशेबाने घडवली होती. ॲम्बेसेडरमध्ये निदान बॉडीखालच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ पेट्यांना (बॉक्स सेक्शनना) जोडणारी एक आडवी पोलादी पट्टी आणि वाटीभोवती 3 मिमीची प्लेट पसरून द्यावी लागते.

स्प्रिंग अंदाजाने निवडू नये. जिनिंगच्या धर्मकाट्यावर गाडीची फक्त मागची चाके चढवा, एकदा रिकामी आणि एकदा भरलेली: मागे तीन माणसे आणि डिकीत खताचे पोते. समजा काटा 550 आणि 800 किलो दाखवतो. हाऊसिंग, चाके आणि ब्रेक मिळून 120 किलो धरले, तर प्रत्येक बाजूच्या स्प्रिंगवर 215 आणि 340 किलो येतात. भरल्यावर गाडी 60 मिमी खाली बसलेली चालणार असेल, तर 125 भागिले 60, म्हणजे एक मिमी दबायला सुमारे 2.1 किलो घेणारी स्प्रिंग लागेल. तारेची जाडी 12 मिमी, वेटोळ्याचा मध्यव्यास 110 मिमी आणि काम करणारी साधारण साडेसात वेटोळी, असा तो हिशेब बसतो. हीच तार 13 मिमीची घेतली तर स्प्रिंग जवळपास 38 टक्के कडक होते. ‘थोडी जाड चालेल’ म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवावा. स्प्रिंग कापली की ती मऊ होत नाही, उलट कडक होते: आठातले एक वेटोळे काढले तर सातास आठ या प्रमाणात. गॅसने तापवून आखूड केलेल्या स्प्रिंगचे पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरते. ती पुढे बसतच जाते. कॉइल ॲक्सलवर न ठेवता खालच्या दांडीवर पुढे ठेवली तर ती आणखी कडक घ्यावी लागते. दांडी 500 मिमीची आणि कॉइल तिच्या पुढच्या टोकापासून 400 मिमीवर असेल, तर 2.1 च्या जागी 3.3 किलोची.

पॅनहार्ड रॉड जितकी लांब तितकी चांगली, आणि गाडी नेहमीच्या भारावर असताना ती आडवी सरळ असावी. 800 मिमीची रॉड 75 मिमी उसळीत ॲक्सलला साडेतीन मिमी बाजूला ओढते. 400 मिमीची सात मिमी. आखूड रॉड असली की खड्ड्यागणिक मागचा भाग कमरेतून हलल्यासारखा वाटतो.

हाऊसिंगला ब्रॅकेट वेल्ड करताना आधी हाफ शाफ्ट (चाकांना फिरवणारे आतले दांडे) आणि ऑइल सील काढा, बॅटरीची वायर सोडा, पेट्रोलची टाकी उतरवा. वेल्ड थोडे थोडे, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. एका दमात मारले तर नळी वाकते आणि पुढे बेअरिंग खाल्ले जाते. पिनियनचा, म्हणजे हाऊसिंगच्या ज्या तोंडाला इंजिनकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट जोडतात त्याचा, कोन मूळ पाट्यांवर असताना मोजून लिहून ठेवा आणि तोच परत ठेवा, नाहीतर प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट आवाज करू लागतात. शॉकअप (उसळी शमवणारे शॉक ॲब्सॉर्बर) नवेच हवेत, कारण पाट्यांचे एकमेकांवरचे घर्षण उसळी दाबत असते आणि ते आता राहिले नाही. ते उभ्याच्या जवळ बसवा. 45 अंश तिरके केले तर निम्मे काम उरते. ब्रेकचा होज ॲक्सल पूर्ण लटकल्यावरही ताणला जाऊ नये, आणि लटकण्याला पट्ट्याने मर्यादा घाला, नाहीतर कॉइल वाटीतून निसटते.

कायद्याचाही विचार व्हावा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये मूळ रचनेतल्या बदलांवर बंधने आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ती ठामपणे सांगितली. 50 वर्षांहून जुन्या गाड्यांना 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळू शकतो, पण त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात लागते. आरटीओत आधी विचारा, मग गॅस कटर पेटवा.

आमचे मत विचाराल तर काळ्या मातीच्या या मुलखात नीट केलेले पाटेच बरे. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी जमीन रस्त्यांना लाटा आणते, त्यावर पाट्याची गाडी पाहिजे तितकी सुखाची चालते. बहुतेक वेळा ती कडक लागते कारण पाट्यांत चिखल आणि गंज अडकून ते एकमेकांवर सरकतच नाहीत. सगळे सुटे करा, वायर ब्रशने घासा, टोकांखाली झिजलेल्या खाचा गुळगुळीत करा, ग्राफाइट ग्रीस लावून बांधा. सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकाजवळ तडा असेल तर तो पाटा बदला, वेल्ड कधीच नको. बसलेल्या पाट्याला बाक देणारा कमानवाला तापवल्यावर पाणी नीट देतो का, ते पाहून घ्या. रबरी बुश नवे घाला, पण पिन आणि शॅकलचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. जॅकवर आवळले तर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि लवकर फाटतात. यू बोल्ट 500 किमीनंतर पुन्हा आवळा. ते ढिले राहिले की सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सल एका बाजूने मागे सरकतो.

आपले,
दारव्हा (जि. यवतमाळ) येथील गॅरेज कारागीर