बरेनच्या माळावरून

प्रिय मित्रा,

फोनवर सांगायला गेलो की फोटो पाठव म्हणशील आणि विषय संपेल, म्हणून लिहायलाच बसलो. बूट हीटरपाशी वाळतायत, रात्रीचे सव्वानऊ झालेत आणि बाहेर अजून उजेड आहे.

इथे आयर्लंडच्या क्लेअर काउंटीत बरेन नावाचा भाग आहे, सगळा चुनखडीचा माळ. माळ म्हणजे आपल्यासारखा मुरमाड नाही रे, सलग खडक, कुणी मैलभर फरशी घातल्यासारखा, आणि त्यात लांबच लांब फटी. उभ्याने बघितलं तर गवताचं पातं दिसत नाही. वाकून फटीत हात घातला तर कोपरापर्यंत गेला, आत गार ओलावा, जिभेसारख्या लांब पानांचे नेचे, आणि काठावर निळीशार जेन्शियनची फुलं, नखाएवढी. तो निळा फोटोत येतच नाही, वीसेक काढले आणि डिलीट केले.

बॅलीव्हॉन गावाहून सकाळी पाठीवर सॅक टाकून निघालो. रस्ता चढत जातो, दोन्ही बाजूंनी कोकणात गडगे असतात तसे नुसते रचलेले दगड, मधून आरपार उजेड दिसतो. वाटेत ग्लेनिनशीनचं दगडी थडगं लागतं. त्याच परिसरात १९३२ साली एका तरुण शेतकऱ्याला खडकाच्या फटीत सोन्याचा गळ्यातला दागिना सापडला, तो आता डब्लिनच्या म्युझियममध्ये आहे. ग्लेनिनशीनला पाऊस आला आणि जो आला तो पोलनाब्रोनपर्यंत थांबलाच नाही.

पोलनाब्रोन म्हणजे ज्यासाठी मी आलो ते दगडी थडगं. दोन-चार उभ्या शिळा, वर तिरकी टेकवलेली चारेक मीटर लांब पातळ शिळा, बस्स. भोवती दोरी आहे, आत जाता येत नाही. नावाचा अर्थ बरेच जण दुःखाचं भोक असा सांगतात, पण खरा शब्द जात्याचा आहे, जात्याचं भोक! मला तर तेच जास्त आवडलं, आपल्या आजीचं जातं आठवलं.

१९८५ मध्ये एका शिळेला तडा गेलेला दिसला म्हणून दुरुस्ती काढली आणि त्या निमित्ताने खाली खोदलं, तर तीसहून जास्त माणसांची हाडं निघाली, पोरंबाळं धरून. पाच हजार वर्षांपेक्षा जुनी. बहुतेक जण तिशीच्या आतच गेलेले, ओझी वाहून सांधे झिजलेले, एकाच्या कमरेच्या हाडात दगडी बाणाचं टोक तसंच रुतलेलं. हे सगळं वाचूनच गेलो होतो, पण पावसात तिथे उभं राहिल्यावर ती माणसं जवळची वाटायला लागली यार, माझे खांदे सॅकने दुखत होते आणि मी त्यांच्याच खांद्यांचा विचार करत होतो, ही शिळा कुणी उचलली असेल, किती जणांनी, वर चढवताना कोण ओरडून सांगत असेल.

परतताना एक म्हातारे शेतकरी ढासळलेला गडगा पुन्हा रचत होते. एक दगड उचलायचे, फिरवून बघायचे, बसला नाही की बाजूला, दुसरा. मी थांबलो तर बोलायलाच लागले. इथे गुरं हिवाळ्यात वर डोंगरावर चढवतात, सगळ्या जगाच्या उलटं, कारण चुनखडी उन्हाळ्याची ऊब धरून ठेवते आणि पाणी मुरून जमीन कोरडी राहते. गुरांनी वाढलेलं गवत खाल्लं की वसंतात फुलांना ऊन मिळतं. म्हणजे सकाळची ती निळी फुलं गाईंमुळे! निघताना म्हणाले, फाटक जसं होतं तसंच ठेव.

आता तुझ्याकडे एक काम. बारावीनंतर आपण नागपूरहून काटोल रोडने जुनापाणीला गेलो होतो, आठवतं? तिथे दगडांची तीनेकशे वर्तुळं आहेत, लोहयुगातली थडगी, आणि आपण त्याच दगडांवर बसून डबा खाल्ला, कुणाच्या उशाशी बसलोय ते माहीतच नव्हतं. मला ते सकाळपासून टोचतंय. डिसेंबरात येतोय, पुन्हा जाऊ. अख्खा दिवस काढ, एकेक वर्तुळ फिरून बघायचंय. डबा झाडाखाली खाऊ.

तुझाच